फडकं, दात आणि बेदाणे: पिल्लाबद्दल तुमचे प्रश्न

दरवर्षीचंच आहे हे. मे महिन्यात पोरं घरी असतात, हट्ट करकरून पिल्लू आणायला लावतात, आम्ही सगळं करू, शी-शू पण आम्हीच काढू अशा शपथा घेतल्या जातात, मग जूनमध्ये शाळा सुरू होते आणि जुलैत मला पत्रं यायला लागतात, आणि ती पोरांची नसतात, आयांची नाहीतर आजी-आजोबांची असतात. ह्या वेळची काही निवडक घेतलीत. काही पत्रं थोडी छाटली आहेत, रागावू नका, एक तर अकरा पानी होतं.

प्रश्न: आमचा लॅब्रडॉर सव्वादोन महिन्यांचा आहे. आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. दिवसातून बारा-पंधरा वेळा फडकं मारते, खोटं नाही सांगत. गॅलरीत पेपर घातलाय, तिथे नेऊन उभा केला की माझ्या तोंडाकडे बघत बसतो आणि आत आला की लगेच हॉलमध्ये. मिस्टर म्हणतात त्याचं नाक त्यात घास आणि एक चापट दे, त्यांच्या लहानपणी तसंच शिकवायचे. सध्या तेच चालू आहे. मला तर वाटायला लागलंय की तो मुद्दाम करतो, कारण नंतर चेहरा अगदी अपराधी करतो. (एक ताई, ठाणे)

ताई, बारा-पंधरा म्हणजे काहीच विशेष नाही हो. सव्वादोन महिन्यांच्या पिल्लाची लघवीची पिशवी ती केवढी असणार, आणि आवळून धरायची ताकदच अजून आलेली नसते. अंदाजाला म्हणून असं धरतात की जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तितके तास पिल्लू जास्तीत जास्त थांबू शकतं, म्हणजे तुमचं साधारण तीन तास, पण ते झोपलेलं असताना. जागं आहे, खेळतंय, पाणी प्यायलंय, तर अर्ध्या-पाऊण तासाला होणारच. त्यात मुद्दाम वगैरे काही नाही.

आता तो गॅलरीत का करत नाही. मी कुठल्याही पिल्लाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारते, की त्याला त्यातून मिळालं काय? तुमच्या घरात शू केली की त्याला काय मिळतं, तर धपाटा. आणि शू करताना समोर कोण असतं, तर तुम्ही. तुम्हाला वाटतंय तो शिकतोय की हॉलमध्ये शू करायची नाही, पण त्याने धडा घेतलाय तो असा, की ह्या माणसांच्या समोर शू करणं धोक्याचं आहे. म्हणून तर गॅलरीत तुम्ही समोर उभ्या असताना तो आवळून धरतो आणि आत आल्यावर तुमची पाठ फिरली की मोकळा होतो. अजून महिनाभर हे चाललं तर सोफ्याच्या मागे, पलंगाखाली, अशा जागा शोधेल जिथे तुम्हाला वासावरूनच कळेल. मिस्टरांना सांगा नाक घासणं आजपासून बंद.

आणि तो अपराधी चेहरा! न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये ह्याच्यावर प्रयोग केला होता, मला तो फार आवडतो. मालकाने कुत्र्याला सांगायचं की समोरचा खाऊ खायचा नाही, मग मालक खोलीबाहेर. मागे काहींना तो खाऊ खाऊ दिला, काहींना नाही, आणि मालकांना मुद्दाम कधी खरं कधी खोटं सांगितलं. तर पडेल चेहरा कुणी केला, ज्याने खाल्लं त्याने? नाही, ज्याला ओरडा बसला त्याने, खाल्लं असो नाहीतर नसो. म्हणजे तो चेहरा 'माझं चुकलं' असा नसतोच, 'तू चिडलीयेस, मला भीती वाटतेय' असा असतो.

मग करायचं काय. झोपून उठल्या उठल्या, जेवल्यावर पाच ते वीस मिनिटांत, खेळ थांबला की, आणि रात्री निजायच्या आधी, ह्या वेळा ठरलेल्या, त्याने मागो न मागो तेव्हा गॅलरीत न्यायचंच. आणि उचलून न्यायचं बरं का, चालत नेलंत तर वाटेत हॉल लागतो. तिथे नेऊन गप्प उभं राहायचं, मोबाइल बघा, त्याच्याशी गप्पा नकोत, तो आधीच टेन्शनमध्ये आहे. पाच मिनिटांत केली तर तिथल्या तिथे, दोन सेकंदांत खाऊ, खाऊ खिशातच ठेवायचा. आत येऊन डबा उघडून दिलात तर त्याला वाटणार डब्यापाशी आलो म्हणून मिळाला. नाही केली तर आत आणा पण मोकळं सोडू नका, मांडीवर घ्या नाहीतर पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा आणि दहा मिनिटांनी परत न्या. कंटाळवाणं आहे, मला माहितीये. पहिले दोन आठवडे घरात दुसरं काही होत नाही.

फिनाइलने पुसत असाल तर तेही थांबवा. त्याने आपल्या नाकापुरता वास जातो, त्याच्या नाही, वर ओल्या फरशीवरून चालून पिल्लू पंजे चाटतं ते वेगळंच. अमोनियावाले क्लीनर तर अजिबात नकोत, लघवीचा वास तसाच असतो, त्याला वाटतं अरे वा इथे बाथरूम आहे. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा, नसेल तर आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या (पुसू नका, पसरतं) आणि मग पांढरं व्हिनेगर-पाणी निम्मं निम्मं. मार्बल असेल तर व्हिनेगर नको, डाग पडतात.

खाली सोसायटीच्या बागेत सध्या पाय टेकवू नका, लशीचे डोस पूर्ण व्हायचे आहेत. पिल्लांचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात, आणि पार्वोचा (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडून पण नका ठेवू, कारण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे बघतं त्याची त्याला नंतर भीती कमी वाटते आणि ही खिडकी एकदा बंद झाली की तेच काम दहापट कष्टाचं होतं. कडेवर घ्या आणि लिफ्ट, वॉचमन, रिक्षा, छत्रीवाली माणसं, भाजीवाला, सगळं दाखवून आणा.

पूर्ण शिस्त लागायला पाच-सहा महिन्यांचा होईल, मध्ये एखादा आठवडा परत बिघडेल. आमचा खंड्या (रस्त्यावरचा, खानदानी देशी) चांगला सुधारला होता आणि मग एक दिवस पाहुण्यांच्या कोल्हापुरीत केली. फक्त एक लक्ष ठेवा, थोडी थोडी, सारखी सारखी करत असेल, कण्हत असेल, तर ते ट्रेनिंगचं नाही, इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: नातवासाठी कारवानी जातीचं पिल्लू आणलं, आता तीन महिन्यांचं आहे, आणलं तेव्हा जेमतेम महिन्याचं होतं. लुगडं, लेंगा, पायजमा काही सोडत नाही. नातू पळाला की मागे लागून पिंढरीला धरतं. परवा त्याच्या हाताला दात लागून रक्त आलं, आम्ही हळद लावली. कुणी सांगतं कान पिरगाळा, कुणी सांगतं नाकावर टिचकी मारा. आमच्या वेळी अंगणात कुत्री असायची, त्यांना कधी कुणी शिकवलं नाही आणि ती चावतही नव्हती. (एक आजोबा, कोल्हापूर)

आजोबा, बाकी सगळं नंतर, आधी नातवाचा हात. रक्त आलंय म्हणजे डॉक्टरकडे न्यायलाच हवं, आजच न्या, चार दिवस झाले म्हणून राहू देऊ नका. पिल्लू घरचं आहे म्हणून रेबीजच्या बाबतीत सूट नसते, आणि तीन महिन्यांचं म्हणजे त्याची रेबीजची पहिली लस आत्ता कुठे द्यायची वेळ आलीये. हळद, चुना, मिरची काही लावायचं नसतं. दात लागला की लगेच साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, धुवायचं आणि मग दवाखाना. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, म्हणून ह्या एका बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. सरकारी दवाखान्यात लस मिळते.

आता तुमच्या वेळच्या कुत्र्यांचं. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, पण त्यांना कुणी शिकवलं नाही हे खरं नाही, त्यांना त्यांच्या आईने आणि भावंडांनी शिकवलं होतं. पिल्लं एकमेकांना चावतात, एखाद्याने जोरात चावलं की दुसरं कळवळतं आणि खेळ सोडून जातं, आई गुरगुरून उठून जाते, असं दिवसातून पन्नास वेळा होतं आणि पिल्लाला कळतं की दात किती लावायचा. तुमचं पिल्लू महिन्याचं असतानाच आणलंत, त्याची ती शाळाच बुडली. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही असा २०१७ पासून नियमही आहे, पण पाळतो कोण.

तेव्हा आता आईचं काम तुम्हाला करायचंय. त्याला त्यातून काय मिळतं ते बघा, लुगडं धरलं की आजी ओरडतात, लुगडं ओढतात, अख्खं घर गोळा होतं. अहो त्याच्यासाठी ह्यापेक्षा भारी खेळ नाही! कान पिरगाळलात, टिचकी मारलीत, तर एक तर त्याला तो कुस्तीचाच डाव वाटणार किंवा हात दिसला की घाबरणार, आणि घाबरून चावणारं कुत्रं खेळून चावणाऱ्यापेक्षा कितीतरी वाईट. दात लागला की काहीच न बोलता उठायचं आणि दाराआड जायचं, वीस-तीस सेकंद, मग परत यायचं. दात लागला, माणूस गेलं. रोज, प्रत्येक वेळी, घरातल्या प्रत्येकाने. एकाने जरी 'असू दे रे बारकं आहे' म्हणून चावू दिलं तर तुमचं बाकीच्यांचं पाण्यात.

आणि चावायला काहीतरी हक्काचं द्या. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस कायमचे यायचेत, चौथ्या महिन्यापासून साधारण सातव्यापर्यंत ते चालणार, हिरड्या शिवशिवतात. जुन्या टॉवेलला गाठी मारा, ओला करून फ्रीजरमध्ये टाका, आणि लुगड्याकडे वळायच्या आधी तो तोंडात द्या, नंतर नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास अंगात आल्यासारखं करत असेल तर बहुतेक वेळा ते दमलेलं असतं, ह्या वयात दिवसातले अठरा-वीस तास झोप लागते त्यांना आणि पोरं झोपू देत नाहीत.

नातवाचं मात्र वेगळं सांगते. कारवानी म्हणजे सशामागे सोडायची जात. पळणारं काही दिसलं की मागे लागायचं हे रक्तातच आहे, ते शिकवून पूर्ण जाणार नाही. म्हणून दोघांना एकटं सोडायचं नाही, आणि नातवाला एक खेळ शिकवा, पिल्लू अंगावर आलं की झाड व्हायचं, हात छातीशी घेऊन गप्प उभं. झाडामागे धावण्यात मजा नसते.

प्रश्न: आम्ही तासगावचे, घरचे बेदाणे आहेत. पपीला 'बस' शिकवताना ट्रीट म्हणून एकेक बेदाणा देतो, फार आवडतो तिला. घर पूर्ण शाकाहारी आहे, अजून काय देता येईल? (एक वाचक, जि. सांगली)

दादा, बेदाणे आत्ताच्या आत्ता बंद! हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. द्राक्षं, बेदाणे, मनुका, तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अमुक इतके चालतात असं काही प्रमाण नाही, एखादं कुत्रं वाटीभर खाऊन टुणटुणीत राहतं आणि एखादं थोडक्यात जातं. संशय आहे तो द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर, चिंचेतही तेच असतं म्हणून आमटीभात पण नको. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, मग मरगळ, मग लघवी कमी होत जाणं असं होतं, पण लक्षणांची वाट बघत बसायचं नसतं, खाल्लं कळलं की तडक डॉक्टर, आणि घरी मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका, त्यानेही कुत्री दगावतात. तुमच्या पपीला आजच दाखवून आणा, रक्त तपासतील. बेदाणे वाळवायच्या शेडवर, रॅकखाली सांडलेले वेचून खाते का तेही बघा, तुमच्याकडे तोच मोठा धोका.

शाकाहारी घरात खाऊची काही अडचण नाही हो. पनीरचे तुरीच्या डाळीएवढे तुकडे, उकडलेलं गाजर, रताळं, लाल भोपळा, सफरचंद बिया काढून. तिचं रोजचं खाणं असतं त्यातलंच मूठभर बाजूला काढून दिवसभर ट्रेनिंगला वापरलं तरी चालतं, भुकेच्या वेळी कोरडा दाणाही पेढा लागतो. कांदा, लसूण, चॉकलेट नाही म्हणजे नाही, आणि शुगरफ्री च्युइंगगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं ते तर फारच वाईट. तुकडा मात्र बारीक ठेवा, पाच मिनिटांत पंधरा-वीस द्यायचे असतात, चावत बसली तर काय करत होतो तेच विसरते.

प्रश्न: आमचं बडोद्यातलं मराठी घर. सासूबाई मराठीत बोलतात, मी गुजराती, मुलं इंग्लिश. पपीला नक्की कुठल्या भाषेत शिकवायचं? सगळेच म्हणतात इंग्लिशच कळतं त्यांना. (एक वाचक, बडोदा)

कुत्र्याशी इंग्लिशच बोलायचं हे मराठी घरांत कुणी सुरू केलं देव जाणे, ज्यांना आयुष्यात इंग्लिश नको वाटलं ती माणसंही 'सिट सिट, नो नो' करतात. भाषा कुठलीही चालते, कामाला शब्द एकच पाहिजे. तुमच्याकडे गंमत अशी होणार की सासूबाईंचं 'बस' म्हणजे खाली बस, आणि तुमचं गुजराती 'बस' म्हणजे पुरे, आणि बसायला तुम्ही म्हणणार 'बेस'. बिचारीने करायचं काय! घरातल्या सगळ्यांनी बसून पाच-सहा शब्द ठरवा आणि फ्रीजवर चिकटवा. बसण्यासाठी हवं तर इंग्लिश 'सिट'च ठेवा, तुमच्या घरात भांडण नाही त्यावर. शब्दाबरोबर हाताची खूण पण ठेवा, कुत्री शब्दापेक्षा हात पटकन वाचतात, म्हणजे सासूबाई चुकून काही बोलल्या तरी निभतं. आणि शब्द एकदाच बोलायचा. बसबसबसबस म्हणालात तर तिच्या लेखी तो शब्दच तेवढा लांब होतो.

प्रश्न: हाक मारली की येत नाही. नाव माहितीये, कान टवकारतो, पण उलट दिशेला पळतो. वय चार महिने. (नाशिकहून एक कॉलेज विद्यार्थी)

हाक मारून तू त्याला काय करतोस ते लिहिलं नाहीस, मी सांगते. आंघोळ, गोळी, पट्टा लावून घरी आणणं, नाहीतर चप्पल चावली म्हणून ओरडणं. मी पण पळाले असते. आठ दिवस वाईट कामासाठी हाक मारायचीच नाही, स्वतः उठून त्याला आणायला जा. हाक फक्त खाऊसाठी, दिवसातून वीसेक वेळा, आणि आला की खाऊ देऊन परत सोडून द्यायचं. पळाला तर मागे धावू नकोस, तू उलट्या दिशेला पळ.

प्रश्न: आम्ही दोघंही आयटीत, पिल्लू आणलं तेव्हा घरूनच काम होतं. आता आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. बाहेर पडलो की रडून बिल्डिंग डोक्यावर घेते. शेजारी तक्रार करतात, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात कुत्रा ठेवायचाच नाही. (पुणे)

सेक्रेटरींचं आधी संपवू. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या तशा सूचना आहेत. तुम्ही मात्र महापालिकेचं लायसन्स आणि लशीचं कार्ड करून ठेवा, नसेल तर बोलायला तोंड राहत नाही. आणि शेजाऱ्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, सहा तास रडणं ऐकून बघा.

पिल्लू जन्मल्यापासून एक मिनिट एकटं राहिलेलं नाही आणि एकदम नऊ तास, म्हणजे पोहायला शिकवताना थेट विहिरीत ढकलल्यासारखं झालं. सुट्टीच्या दिवशी सुरू करा. चप्पल घाला, किल्ल्या वाजवा आणि परत सोफ्यावर बसा. असं दहा-बारा वेळा, म्हणजे किल्ल्यांचा आवाज आला की घाबरणं कमी होतं. मग दाराबाहेर दहा सेकंद, मग तीस, मग दोन मिनिटं, रडायच्या आत परत यायचं, रडल्यावर आलात तर तिला काय मिळालं? रडलं की दार उघडतं हे. जाताना भरलेलं चाटायचं खेळणं द्या (दही आणि भोपळा कोंबून फ्रीजरमध्ये ठेवलेलं) आणि जाता येता मिठ्या, निरोपसमारंभ नकोत. हे तीन-चार आठवड्यांचं काम आहे. तोपर्यंत मात्र कुणीतरी लागेल, मावशी, डे-केअर, दुपारी येणारा कुणी, कारण ह्या वयात नऊ तास एकटं ठेवणंच चूक आहे, शू पण नाही थांबत तेवढी. दोघांनी ऑफिसचे दिवस वेगवेगळे मागून बघितले का?

प्रश्न: आम्ही गिरगावात राहतो. आमचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे आणि गणपती जवळ आलेत. कुकरच्या शिट्टीला पण पलंगाखाली जातं. ढोल-ताशे आले की काय होईल? मी दहावीत आहे. (एक वाचक, मुंबई)

बाळा, वेळेवर विचारलंस. मोबाइलवर ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लाव, पण इतकं हळू की त्याचा कान फक्त हलेल, आणि ते चालू असताना त्याचं जेवण दे. बंद झालं की खाऊपण बंद. दोन-तीन दिवसांनी आवाज एक टप्पा वाढव, जेवायचं थांबला तर मागे ये. कुकरचंही तसंच, शिट्टी झाली की लगेच पनीरचा तुकडा, शिट्टीच्या आधी नाही. घाबरला तर जवळ घे, थोपट, कुणी सांगेल लाड केले की भित्रा होतो, तसं काही नसतं. फटाके मिरवणुकीतही वाजतात, तेही रेकॉर्डिंगमध्ये घे, दिवाळीला उपयोगी पडेल.

विसर्जनाच्या दिवशी त्याला बाल्कनीत किंवा खाली मिरवणूक बघायला अजिबात न्यायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला अडकव, दार बंद, संध्याकाळचं फिरणं दुपारीच उरकून घे. रस्त्यापासून सगळ्यात लांबची खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, त्याचं अंथरूण आणि गाठी मारलेला टॉवेल. आणि दहावी आहे ना तुझी, तर पुस्तकं घेऊन तूच बस त्याच्याजवळ, तुलाही त्या दिवशी बाहेर सोडणार नाहीयेत बहुतेक.